आफ्रिकेतल्या शाळांमध्ये पोषण आहार सुरू करायचा आहे. डाळ-तांदूळ भारतातून पाठवावेत की तिथेच घ्यावेत? दर मुलामागे खर्च किती येतो?

डाळ पाठवायचं तर डोक्यातून काढाच. तूर मलावीतून आपल्याकडे येते. 2021 मध्ये दोन सरकारांत वर्षाला 50 हजार टनांचा करारसुद्धा झालाय. तिथे तिला नांदोलो म्हणतात. तीच तूर मुंबईहून जहाजाने मोझांबिकच्या बेइरा बंदरात उतरवायची आणि ट्रकने परत मलावीत न्यायची? शिवाय ती शिजवायला लाकूड किती लागेल आणि शिजवणार कोण, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. म्हणून तर लिहायला बसलो.

मी मलावीतल्या मांगोची जिल्ह्यात दोन वर्षं एका संस्थेचं गोदाम आणि हिशेब बघत होतो. शाळेत मिळायची मका-सोयाच्या पिठाची लापशी, तिथला शब्द फाला. उजाडायच्या आधी बायका येऊन चूल पेटवायच्या आणि लाकडी वल्ह्यासारख्या दांड्याने पातेलं घोटत राहायच्या. पोरं घरून प्लास्टिकचे मग आणायची. कान तुटलेला मग असला की चिटेंजेच्या, म्हणजे तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या कापडाच्या चिंधीत धरून प्यायचं. या बायका म्हणजे त्याच पोरांच्या आया, दिवस वाटून घेतलेल्या. पगार शून्य. अहवालात याला 'लोकसहभाग' म्हणतात.

फेब्रुवारीत घरातला मका संपलेला असतो आणि नवा एप्रिलशिवाय हाती येत नाही. तेव्हा बायका गान्यूला जातात, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात रोजाने खुरपायला. पैसे नाहीतर थोडं पीठ मिळतं. थोडक्यात, भूक सगळ्यात जास्त तेव्हाच चुलीपाशी कोणी नाही. एका मंगळवारी पोचलो तर गोदामात 25 किलोच्या चाळीस गोण्या, चुलीत पावसाने बसलेली राख, आणि पहिलीची दीडशे पोरं मग मांडीवर घेऊन आंब्याखाली. (1994 मध्ये प्राथमिकची फी माफ झाली, तेव्हापासून वर्ग फुगलेलेच आहेत.) दहा वाजेपर्यंत निम्मी घरी गेली.

मी साहेबांना म्हटलं, येईल त्या दिवशी प्रत्येकीला दोन किलो पीठ द्या. ते म्हणाले, मोबदला दिला की लोकांना कार्यक्रम आपला वाटत नाही. मी विचारलं, तुम्हाला डॉलरमध्ये पगार मिळतो, तुम्हाला वाटतो ना आपला? पुढे माझा करार वाढवला नाही. कारणं वेगळी होती म्हणे.

इतकं लागायचं कारण म्हणजे माझी आई गावच्या शाळेत खिचडी शिजवायची. 2010 च्या सुमारास मानधन महिना 1000 रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. तांदूळ निवडा, भांडी घासा, वर साहेब तपासणीला आले की चहासुद्धा हिनेच करायचा. मानधन म्हणजे मान आम्ही द्यायचा नि धन तेवढं विसरायचं, असं ती म्हणायची. आमचे मामा अजून म्हणतात, अक्का, सेवा आहे ती. मामा, सेवा असती तर केंद्रप्रमुखही फुकट आले असते.

मांगोचीतला तिढा शेवटी मुख्याध्यापिकेने सोडवला. गावातल्या दोन-तीन बऱ्या घरांकडून मका मागून आणला आणि शिजवायला येणारीला एकेक घमेलं देऊ लागली. सोमवारी चार जणी हजर, एकीच्या पाठीला तान्हं बांधलेलं. तो मका संस्थेचा नव्हता, म्हणून माझ्या वहीत त्याला रकानाच नव्हता.

खर्चाचं म्हणाल तर माझे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. नोव्हेंबर 2023 मध्ये क्वाचाचं, म्हणजे मलावीच्या चलनाचं, एका फटक्यात 44 टक्के अवमूल्यन झालं. पीठ, ट्रक, लाकूड, पातेली आणि गोदामाचा राखणदार धरा. स्वयंपाकिणींचं मानधन धरलं नसेल तर पुढची बेरीज खोटी समजा.

धान्य तिथेच घ्या, पण ओलावा मोजल्याशिवाय मका घेऊ नका. पूर्व केनियात 2004 मध्ये बुरशी लागलेल्या स्थानिक मक्यातल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने 317 जण आजारी पडले, त्यातले 125 दगावले.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: शाळेतल्या लापशीने पोरगं शाळेत येतं, बसतं. खुंटलेली उंची तिने फारशी भरून निघत नाही, त्याचा बराचसा निकाल गर्भापासूनच्या पहिल्या 1000 दिवसांत लागलेला असतो. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराच्या दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर लापशीवर विसंबू नका, आरोग्य केंद्रात न्या. तिथे त्याला शेंगदाण्याची औषधी पेस्ट मिळते. माझा अनुभव एका जिल्ह्याचा आहे, इथिओपियात किंवा नायजेरियात गणित वेगळं असेल.

अंदाजपत्रक झालं की इथेच टाका. स्वयंपाकिणींची ओळ तेवढी बघायची आहे.