पिस्तुलात पुंगळी अडकते. दोष हाताचा की पिस्तुलाच्या नव्या रचनेचा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी ठाण्यातल्या एका क्लबात २५ मीटर पिस्तूल शिकतेय. क्लबचं पॉइंट २२ (०.२२ इंची छोट्या गोळीचं) सेमी-ऑटोमॅटिक वापरते आणि पंधरा-वीस गोळ्यांमागे एखादी रिकामी पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेलं कवच, स्लाइडमध्ये (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागात) उभी अडकते. कोच म्हणतात, मनगट ढिलं आहे. दुसरे एक जण म्हणतात, कंपनीने नव्या मॉडेलमध्ये बदल करून वाट लावली, जुनं मॉडेल बघा. खरं कोणाचं?

दोघांचंही खरं असू शकतं. पण पुंगळ्या कुठे पडतात हे दोघांपैकी कोणी पाहिलंय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटत नाही, आणि सुरुवात तिथूनच करायला हवी. मी रबाळे एमआयडीसीत प्लास्टिकच्या मोल्डचं काम करतो आणि रविवारी क्लबात पॉइंट २२ चालवतो. डायमध्ये पार्ट चिकटला की सगळे आधी तो बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनकडे बोट दाखवतात. खोदत गेलं की बहुतेक वेळा कळतं, दुसऱ्याच कुठल्या कारणासाठी डायमध्ये काहीतरी बदललं होतं. पिस्तुलाचंही तसंच आहे.

आत काय होतं ते आधी समजून घ्या. गोळी सुटली की स्लाइड मागे येते. एक्स्ट्रॅक्टरचं नख पुंगळीची कड धरून तिला मागे आणतं. फ्रेमवर, म्हणजे हातात धरलेल्या खालच्या सांगाड्यावर, इजेक्टर नावाचा एक छोटा खुंट असतो, तो जागचा हलत नाही. पुंगळीच त्याच्यावर येऊन आदळते. एका कडेला धरलेली आणि दुसऱ्या कडेला ठोकर बसलेली पुंगळी गिरकी घेऊन स्लाइडच्या खिडकीतून बाहेर उडते. पॉइंट २२ च्या ब्लोबॅक पिस्तुलात पुंगळी मागे ढकलायचं काम गॅसच करतो. नखाने तिला इजेक्टरपर्यंत सोडायचं नाही, एवढंच मुख्य काम.

म्हणजे ठोकर किती जोरात बसते हे स्लाइड फ्रेमच्या तुलनेत किती वेगाने मागे येते त्यावर ठरतं. मनगट ढिलं असेल तर स्लाइडबरोबर फ्रेमही मागे जाते, ठोकर मऊ बसते आणि पुंगळी खिडकीत रेंगाळते. कोचांचा मुद्दा चुकीचा नाही. पण स्लाइडला परत पुढे ढकलणारी (रिकॉइल) स्प्रिंग जास्त कडक असेल, गोळी कमी जोराची असेल किंवा आत घाण साचली असेल, तरी पुंगळी अगदी अशीच अडकते. नुसती अडकलेली पुंगळी पाहून यातलं कारण ओळखता येत नाही.

आता मॉडेल बदलण्याबद्दल. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगचं ‘१९११’ नावाचं पिस्तूल त्याच वर्षीच्या मार्चमधल्या चाचणीत ६००० गोळ्या न अडकता चाललं होतं. तरी त्याच्या जुन्या लष्करी स्लाइडच्या खिडकीची खालची कड उंचावर होती, बाहेर पडताना पुंगळ्यांची तोंडं चेपायची. टार्गेट नेमबाजांनी ती कड उतरवून घेतली, मागची बाजू पसरट करून घेतली, आणि पुढे कारखान्यांनीही तेच उचललं. ब्राउनिंग हाय-पॉवर १९३५ मध्ये आलं तेव्हा त्याचा एक्स्ट्रॅक्टर स्लाइडच्या आत होता. १९६० च्या दशकात तो बाहेरच्या बाजूला, वेगळ्या स्प्रिंगवर आला. (ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारं ९ मिमी पिस्तूल याच घराण्यातलं.) बेरेटा ९२ मध्ये तर स्लाइडचा वरचा भागच मोकळा ठेवलाय, पुंगळीला अडायला छप्पर नाही. हे सगळे बदल पुंगळी नीट बाहेर पडावी म्हणूनच झाले किंवा त्या कामी आले.

उलट उदाहरण ग्लॉकचं. २०१० मध्ये चौथी पिढी आली, तिच्यात एकाऐवजी दुहेरी रिकॉइल स्प्रिंग होती. ९ मिमी मॉडेलच्या पुंगळ्या कमजोर पडतात, चेहऱ्यावर येतात, अशा तक्रारी आल्या. कंपनीने स्प्रिंगचा संच बदलून दिला, इजेक्टरचा आकारही बदलला. स्प्रिंग बदलताना पुंगळीचा विचार कोणाच्या डोक्यात नसेलही, पण तिची वाट बदलली. आपल्या खेळातही हे घडलंय. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपर्यंत रॅपिड फायर या झटपट नेमबाजीच्या स्पर्धेत पॉइंट २२ शॉर्ट ही छोटी गोळी चालायची. त्यानंतर नियमाने लाँग रायफल ही लांब गोळी आली आणि छोट्या गोळीवर बेतलेली पिस्तुलं त्या स्पर्धेपुरती बाद झाली.

म्हणून ‘जुनं चांगलं, नवं वाईट’ हे मला पटत नाही. तुमच्या हातातल्या पिस्तुलात, त्या गोळीबरोबर, मेळ बसलाय की नाही एवढंच बघायचं.

आमच्या क्लबात एका पिस्तुलाला धक्का कमी बसावा म्हणून जरा कडक स्प्रिंग बसवून आणली होती. धक्का कमी झाला, पण पुंगळ्या अडकायला लागल्या. नव्या पोरांना महिनाभर मनगटावरून बोलणी खावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी आम्ही उजवीकडे जुनी चादर अंथरली. आधी सहा-सात फुटांवर पडणाऱ्या पुंगळ्या आता बुटाशी पडत होत्या, आणि सगळ्यांच्याच, जुन्या नेमबाजांच्या सुद्धा. मूळ स्प्रिंग परत आली आणि पुंगळ्या पुन्हा लांब पडू लागल्या.

तुम्हीही तेच करा. चादर अंथरून मुलीच्या ५० गोळ्या बघा, मग कोचांना त्याच पिस्तुलातून, त्याच डब्यातल्या ५० मारायला सांगा. तिच्या जवळ पडतात आणि कोचांच्या लांब, तर मनगट. दोघांच्याही जवळ, तर स्प्रिंग, गोळी किंवा घाण. कधी इकडे कधी तिकडे उडत असतील तर नखाची पकड तपासायला सांगा. फक्त मॅगझिनमधल्या शेवटच्या गोळीलाच अडकत असेल तरी संशय नखावरच. कारण एरवी खालची गोळी पुंगळीला आधार देते, शेवटच्या वेळी तो नसतो.

पावसाळ्यात एक गोष्ट हमखास होते. गंजाच्या भीतीने आपण तेल जास्त घालतो. पॉइंट २२ च्या शिशाच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. ते, गोळीची जळलेली दारू आणि तेल मिळून नखाखाली काळा गोळा बसतो. मागच्या जुलैत मी दात कोरायच्या काडीने असा गोळा काढला, जेमतेम मोहरीएवढा, पण तेवढ्यानेही नख कडेवर पूर्ण बसत नव्हतं. अशी सफाई पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून, क्लबच्या जबाबदार माणसासमोरच. नख घासणं, स्प्रिंग कापणं मात्र कोणालाही करू देऊ नका. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो.

आणि मुलगी अडकलेली पुंगळी स्वतःच झटकून काढत असेल तर ती सवय आजच थांबवा. २५ मीटरच्या रॅपिड टप्प्यात एका गोळीला ३ सेकंद मिळतात, हात आपोआप तिकडे जातो. पण स्पर्धेत पिस्तूल टार्गेटच्याच दिशेला धरून मोकळा हात वर करायचा आणि अधिकारी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आधीच छेडछाड झाली, तर बिघाड पिस्तुलाचा असला तरी तो ग्राह्य धरत नाहीत. सरावातही तिला प्रत्येक वेळी हेच करायला लावा, आणि शंभर गोळ्यांची नोंद झाली की मला कळवा. शेवटच्या गोळीला किती वेळा अडकली, ते वेगळं लिहून ठेवा.