बातमी नसताना केलेला फोन

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

जनसंपर्काच्या कामाबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. दोनशे पत्रकारांना प्रेसनोट गेली, एकाचंही उत्तर नाही आणि बातमी का लागली नाही म्हणून साहेब मागे लागलेत. तुझी घालमेल कळते मला. पण नोट सोबत जोडलीस ते बरं केलंस. सुरुवात ‘आदरणीय संपादक महोदय’ आणि मेल गेलाय क्रीडा, गुन्हे, शिक्षण, अर्थ अशा सगळ्या बीटवरच्या, म्हणजे नेमून दिलेल्या विषयांवरच्या वार्ताहरांना. हे आपल्याला लिहिलंय असं त्यातल्या एकाला तरी वाटलं असेल का?

ती यादी बाजूला ठेव. पंधरा नावं निवड आणि महिनाभर त्यांच्याकडे काहीही न मागता फक्त त्यांचं लिखाण वाच. कोण आकड्यांत रमतं, कुणाला माणसं भेटवली की बातमी खुलते, कुणाची पानं किती वाजता लागतात, हे वहीत टिपून ठेव. पान लावायच्या घाईत ‘माझी नोट मिळाली का?’ म्हणून फोन करू नकोस. एखादी बातमी मनापासून आवडली तर दोन ओळी कळव, मात्र त्या ओळींच्या शेपटाला स्वतःची प्रेसनोट बांधू नकोस.

माझाच एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका वार्ताहर बाईंचा रात्री साडेनऊला फोन आला. त्यांना पाणी शुद्धीकरणातला जाणकार हवा होता. आमच्या क्लायंटचा त्या विषयाशी काडीचाही संबंध नव्हता. डायरी काढली, दोघांना फोन लावले, दहाच्या आत त्यांना नंबर दिला. दीडेक वर्षानं आमच्या क्लायंटच्या मालात खोट निघाली, तेव्हा छापण्याआधी त्याच बाईंनी विचारलं, “हे खरं आहे का?” म्हटलं, “खरं आहे. किती माल बाहेर गेलाय ते मोजतोय, अकरापर्यंत आकडा देतो.” आकडा वाईट निघाला, तरी अकराला दिला. बातमी आमच्या विरोधातच आली. पण तिच्यात आमची बाजू होती आणि एकही तपशील चुकलेला नव्हता. ओळखीनं वाईट बातमी थांबत नाही. थांबवायला जाऊही नकोस, त्या एका विनंतीत सगळी ओळख खर्ची पडते.

प्रेसनोटचा उगमही असाच आहे. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचा अपघात झाला, पन्नासहून जास्त माणसं गेली. असे अपघात दडपायची तेव्हा रीत होती. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा सल्लागार आयव्ही ली यानं कंपनीला स्वतःहून वार्ताहरांच्या हाती माहिती द्यायला लावलं. पहिली प्रेसनोट म्हणून तिचाच दाखला सहसा देतात. वाईट बातमी सरळ सांगायला निघालेल्या या कागदाला आपण उद्घाटनांना जुंपलं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता तुमचं सोशल मीडियावरचं पेज. वर्धापनदिनाच्या पोस्टखाली एका बाईंनी लिहिलंय, ‘तीनदा फोन केला, कुणी उचलत नाही.’ खाली तुमचं उत्तर, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, कृपया डीएम करा.’ तेच वाक्य वरखाली आणखी नऊ जणांना चिकटवलंय. त्या बाईंनाही ते दिसतंच की. त्यांना नावानं उत्तर दे. काय अडलंय ते विचार, ‘उद्या चारपर्यंत कळवते’ असं लिही आणि चारला खरंच ये. काम झालं नसेल तर झालं नाही म्हणून सांगायला ये. खासगी तपशील डीएममध्ये, म्हणजे थेट खासगी मेसेजमध्ये घे, पण शेवट काय झाला ते त्याच कमेंटखाली लिही, कारण वाचणारे तिथे असतात.

आणि ऑफिसातल्या मंडळींकडून ‘अप्रतिम!’ लिहून घेणं आजपासून बंद. विकतचे फॉलोअरही नकोत. त्यावर जास्त बोलत नाही.

जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट या अभ्यासकांनी १९८४ साली जनसंपर्काचे चार प्रकार मांडले. पहिल्यात नुसती प्रसिद्धी. दुसऱ्यात माहिती पुरवणं. तिसऱ्यात लोकांचं ऐकायचं, पण त्यांना आपल्याकडे वळवण्यापुरतंच. चौथ्यात ऐकून संस्था स्वतःही बदलते. माझ्या लेखी आपलं खरं काम चौथ्यात आहे आणि ते तुझ्या एकटीच्या हातात नाही. म्हणून दर सोमवारी आठवड्यातल्या तक्रारी घेऊन सर्व्हिसच्या लोकांसमोर बस. मागच्या वेळच्या तक्रारींतली एक तरी सुटली का, ते विचार. सुरुवातीला ते वैतागतील. तरी जात राहा.

साहेबांकडे तीन महिने माग. किती ठिकाणी छापून आलं या रकान्याशेजारी आणखी एक रकाना काढ: किती पत्रकारांनी स्वतःहून फोन केला. पहिल्या महिन्यात तिथे शून्य असेल, तो शून्य तसाच दाखव.

पंधरा नावं ठरली की मला पाठव. त्यातले काही माझ्या ओळखीचे निघतील, पण मी तुझ्यासाठी शब्द टाकणार नाही, ती ओळख तुझी तूच करायची. आणि त्या बाईंचा फोन अखेर कुणी उचलला का, तेही कळव.

तुझे,
सर