बेणारे आणि दाराची कडी

प्रश्न : नाशिकच्या आमच्या हौशी संस्थेत विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या तालमी सुरू असून मी बेणारेची भूमिका करते. ताण वाढवायचा तर आवाज चढवा, असे दिग्दर्शक सांगतात. मला ते पटत नाही. हा ताण येतो कुठून? जुन्या नायिकांहून बेणारे वेगळी कशी?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : आपली शंका रास्त आहे. पहिल्या अंकात बेणारे बोलते, गाते, सगळ्यांची टवाळी करते. पण नाटकमंडळीने खेळ म्हणून मांडलेला, तिलाच आरोपी केलेला खोटा खटला तिच्या खऱ्या आयुष्याकडे वळू लागताच तिचे बोलणे आटत जाते आणि प्रेक्षकाचा जीव गुदमरतो तो या आटण्यामुळे. नाटकाच्या आरंभीच दाराच्या कडीचा त्रास बोलण्यात येतो, त्या वेळी तो किरकोळ वाटतो. पुढे बेणारे निघून जायला दाराशी येते आणि दार उघडत नाही, तेव्हा तीच कडी अंगावर येते. तालमीत या क्षणी घाई करू नका. तिचा हात दारावर असताना मागे कोणीही हलू नये.

आता दुसरा प्रश्न. देवलांच्या ‘शारदा’मध्ये (१८९९) म्हाताऱ्याशी ठरलेल्या लग्नातून शारदेची सुटका इतरांच्या हाती होती, आणि तिची भूमिकाही तेव्हा पुरुषच करीत. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’तील (१९४२) भानुमती कमावती आहे आणि ती घराबाहेर पडते. आपल्या नाशिकच्या वसंत कानेटकरांनी ‘हिमालयाची सावली’मध्ये (१९७२) थोर समाजसुधारकाची पत्नी बयो उभी केली, पतीने जगाचा संसार मांडला, घरचा तिने ओढला, आणि तिची धार मला आजही त्या हिमालयाइतकीच मोलाची वाटते. १९६७ची बेणारे मात्र शिक्षिका आहे, स्वतःच्या पायांवर उभी आहे, तरीही तिचे दार बाहेरून बंद आहे, आणि ते बंद करणारे खलपुरुष नसून तिच्याच नाटकमंडळीतील सुशिक्षित, सभ्य माणसे आहेत. नोकरी मिळाली म्हणजे स्त्री मोकळी झाली, हा समज हे नाटक मोडून काढते.

बचावासाठी तिला दहा सेकंद मिळतात. त्यानंतरचे दीर्घ स्वगत सुरू असताना बाकीची पात्रे गोठलेली असतात, म्हणजेच ते कोर्टातल्या कोणालाही ऐकू जात नाही. सुलभा देशपांडे यांनी अजरामर केलेले हे स्वगत न्यायासाठी केलेले भाषण म्हणून म्हणू नका; खोलीत एकटे असताना माणूस जसा बोलतो, तसे ते प्रथम हळू आवाजात म्हणून पाहा, आणि आवाज कुठे आपोआप चढतो ते दिग्दर्शकांना ऐकू द्या.