नव्या सूनबाईला, अवकाळीच्या दिवसांसाठी

बाळा, पुण्याहून आमच्या नगरकडच्या मळ्यात आलीस, म्हणून हे आधीच सांगते. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कधीही येतो. नेमका तेव्हाच गहू कापायला आणि उन्हाळ कांदा काढायला आलेला असतो. अवकाळीही याच दिवसांत गाठते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मी विसरले नाही.

कांदा उपटला की दोन-तीन दिवस शेतातच राहू दे, पण असा लाव की एकाची पात दुसऱ्याच्या गड्ड्यावर येईल. ऊन लागत नाही. मग इंचभर मान ठेवून पात काप आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकव. भिजलेला कांदा घाईने कांदाचाळीत भरू नकोस, एक सडका सगळी चाळ नासवतो. ताडपत्री बांधावर हाताशी असू दे. घरात घडी घालून ठेवलेली वेळेला कामी येत नाही.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, उपासनेला जाताना आभाळ भरलेलं दिसलं, तर एकाने मागे राहावं. आमच्या घरी पाळी ठरलेली आहे. त्यात कमी भक्ती नाही गं. मागे राहणाऱ्यासाठी आम्ही संध्याकाळी घरीच वचन वाचतो, गीत म्हणतो.

विजांसाठी मोबाईलवर 'दामिनी' ॲप घे, पुण्याच्या हवामान संस्थेचं आहे. गडगडायला लागलं की झाडाखाली थांबू नकोस, शेळ्याही तिथे बांधू नकोस. उत्तम शुक्रवारचा (गुड फ्रायडेचा) उपास असला तरी मळ्यात पाणी पीत जा. ऊन फार असतं.