स्टार्टर उतरवायच्या आधी

अरे, सेल्फ मारल्यावर गाडी गप्प बसली म्हणून लगेच स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी सेल्फची मोटर, खोलू नकोस. हेडलाइट लाव, मग चावी फिरव. उजेड एकदम मंदावला तर आधी बॅटरी आणि टर्मिनल (बॅटरीला वायर जोडतात ती टोकं) बघ. साताऱ्याच्या पावसाळ्यात टर्मिनलवर पांढरं-हिरवं चढतंच. निगेटिव्ह आधी काढून घास, नट आवळ. बॉडीला जाणारी अर्थिंगची वायरही हलवून बघ, तिच्याकडे मेकॅनिकसुद्धा ढुंकून बघत नाहीत! व्होल्ट मोजायचा मीटर असेल तर भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना 10 च्या फार खाली जाऊ नये. कट-कट-कट वाजलं तर करंट कमी पडतोय. एकच ‘टक्’ आणि उजेड तसाच, तर सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा चुंबकी स्विच) नाहीतर कार्बन ब्रश (स्टार्टरच्या आत करंट पोचवणारे कार्बनचे तुकडे) बिघडलेत. अजिबात आवाज नसेल तर फ्यूज, रिले (सेल्फचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) आणि क्लच स्विच (क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा) बघ.