गाडी की विमान? आधी हा हिशेब मांडा

चौघं जण, बेळगावहून बेंगळूर-म्हैसूर, आणि पहिल्यांदाच एवढा लांबचा बेत? घाबरू नका. तिकिटं चार लागतात, गाडी एकच. सगळा फरक तिथंच पडतो.

बेळगाव ते बेंगळूर साधारण ५०० किलोमीटर. गाडी लिटरला १५ देत असेल तर जाऊन-येऊन ६७ लिटर. पेट्रोल शंभराच्या भावानं धरलं तरी पावणेसात हजार. नवखे इथंच वही मिटतात. टोल, वाटेतलं जेवण आणि पोरं कंटाळली तर दावणगेऱ्याचा मुक्काम, हे कोण धरणार?

विमानातही तीच चूक होते:
- सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळापर्यंतची रिक्षा आणि तिकडची टॅक्सी. बेंगळूरचा विमानतळ शहराबाहेर देवनहळ्ळीला आहे, हे लक्षात ठेवा.
- सामान. बहुधा माणशी १५ किलोच. आम्ही पाहुण्यांसाठी कुंद्याचे (बेळगावची दुधाची मिठाई) डबे भरले, काउंटरवर वजन वाढलं, जादा पैसे भरले. वर घरच्यांची बोलणी वेगळी!
- म्हैसुरात फिरायला भाड्याची गाडी. ही तर हमखास विसरते.

दोघंच असता तर विमान म्हटलं असतं. चौघांची तिकिटं आधी स्वस्तात मिळाली नसतील, तर मी गाडीच काढेन. फक्त पहाटे निघा, रात्री चालवू नका.