प्रभातच्या ‘कुंकू’मधला अभिनय आज नाटकी वाटतो का?

तुम्ही विचारलंय की १९३७ सालचा ‘कुंकू’ आज पाहिला तर अभिनय भडक, नाटकी वाटतो का, आणि कॉलेजातल्या मुलांना तो दाखवावा का.

नाटकी वाटतो, पण सगळा नाही. जिथे वाटतो तिथे बहुतेक वेळा बोलण्याच्या ढंगामुळे. माणसं गप्प झाली की सिनेमा एकदम आजचा होतो.

मी ठाण्यात हौशी रंगभूमीवर काम करते, म्हणून आधी आवाजाचंच बोलते. आपल्याकडे बोलपट आला १९३१ मध्ये, आणि पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. म्हणजे ‘कुंकू’ झाला तेव्हा मराठी बोलपट जेमतेम पाच वर्षांचा होता. कितीतरी नट आले होते ते माइक नसलेल्या रंगभूमीवरून. पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर स्वर चढा लावायचा, वाक्याचं शेपूट गिळायचं नाही, ही त्यांच्या अंगात मुरलेली शिस्त. आज गडकरी रंगायतनच्या बाल्कनीतसुद्धा कुजबूज ऐकू येते, त्यामुळे ती शब्दफेक आपल्या कानाला परकी वाटते. ‘कुंकू’तल्या घरातल्या मोठ्या माणसांची भांडणं आणि टोमणे ऐकताना हे जाणवेल. पहिली पंधरा मिनिटं तेवढी सोसा.

मग केशवराव दाते बघा. तरुण नीराला फसवून तिच्याशी लग्न केलेला म्हातारा वकील, काकासाहेब. अशा भूमिकेत खलपुरुष उभा करणं किती सोपं होतं! दाते तसं करत नाहीत. आधी त्यांच्यात घरमालकाचा ताठा आहे. बायको खोलीत येऊ देत नाही म्हटल्यावर त्याच ताठ्याच्या जागी हळूहळू शरम येते. आरशासमोर उभे राहतात तेव्हा त्यांना स्वतःचं वय दिसतं आणि आपल्याला ते त्यांच्या खांद्यांवरून कळतं. दाते मूळचे रंगभूमीचेच, पण वास्तववादी नाटकं करू पाहणाऱ्या ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेशीही जोडलेले. संयम त्यांना नवा नव्हता.

शांता आपटेंचं नीराचं काम तर माझ्या मते आजही कुणी सहज पेलेल असं नाही. सावत्र मुलगा पंडित तिच्यावर वाईट नजर टाकतो, तेव्हा ती छडीने त्याला फोडून काढते. त्या प्रसंगात ती सुंदर दिसायची धडपड करत नाही, रडत नाही, प्रेक्षकाकडे सहानुभूती मागत नाही. आमच्या तालमीतल्या मुलांना हा प्रसंग दाखवला होता. सुरुवातीच्या संवादांना हसणारी मुलं इथे हसली नाहीत. एकीने विचारलं, ‘ताई, हिला असं काम करायला कुणी शिकवलं?’

आणि एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंनी, या सिनेमाला पार्श्वसंगीत दिलंच नाही. गाणी आहेत, केशवराव भोळ्यांच्या चालीतली, पण ती त्या जगातच कुणीतरी म्हणतं किंवा वाजतात. बाकी घड्याळाची टिकटिक, दारं, पावलं, रस्त्यावरचे आवाज. आज मालिकेत पात्राने मान वळवली तरी तीनदा ढोल वाजतो आणि काय वाटून घ्यायचं ते तोच सांगतो. ‘कुंकू’त नटाला तो आधार नाही, जे काही आहे ते त्याच्या चेहऱ्यावर असायलाच हवं. हा अभिनय टिकला त्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं.

काकासाहेबांच्या विधवा मुलीच्या भूमिकेत शकुंतला परांजपे आहेत. त्या पेशाने नटी नव्हत्या, संततिनियमनाचं काम करणाऱ्या होत्या, आणि घरात बोलावं तशा सरळ बोलतात. त्यांचे प्रसंग छोटे आहेत, पण चुकवू नका.

जुना झालाय तो शेवट. काकासाहेबांना उपरती होते, ते नीराला मोकळं करायला निघतात आणि त्यासाठी स्वतःचा जीव देतात. नीराची सुटका तिच्या लढ्यातून न होता म्हाताऱ्याच्या त्यागातून व्हावी, हे मला दरवेळी खटकतं. पण तो दोष पटकथेचा. दाते तिथेही आवाज चढवत नाहीत.

मुलांना जरूर दाखवा. ‘दुनिया न माने’ ही हिंदी आवृत्तीही आहे, पण मराठीच निवडा आणि मोबाइलच्या स्पीकरवर नको. जुन्या ध्वनिमुद्रणात बारीक शब्द हरवतात, हेडफोन लावले तर दात्यांचं पुटपुटणंसुद्धा नीट ऐकू येतं.